पदव्युत्तर वर्गांना शिकवायचं कोणी? पात्रता, मान्यता आणि नेमणुकीची फाइल

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवी मुंबईतलं एक विनाअनुदानित महाविद्यालय एम.कॉम. आणि एम.एस्सी. आयटी सुरू करायच्या तयारीत आहे. संस्थेकडे सध्या हाताशी पाच जण आहेत. पहिल्या आहेत बी.कॉम.ला शिकवणाऱ्या, सेट (राज्याची अध्यापक पात्रता परीक्षा) झालेल्या मान्यताप्राप्त शिक्षिका. दुसरे ऐरोलीच्या आयटी पार्कात चौदा वर्षं काम केलेले अभियंता. तिसरे एक सीए. चौथ्या बाईंनी पीएच.डी.चा प्रबंध सादर केलाय, मौखिक परीक्षा व्हायची आहे. पाचवे कर्नाटकातून सेट होऊन खारघरला स्थायिक झालेले गृहस्थ. यांतलं कोण पदव्युत्तर वर्गाला शिकवू शकतं, आणि विद्यापीठाचा नियम नेमका काय सांगतो?

आधी एक गोंधळ सोडवू. ‘शिकवू शकतो’ या दोन शब्दांत तीन निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात. एक पात्रता, म्हणजे यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) ठरवलेली किमान अर्हता. दुसरी नेमणुकीला विद्यापीठाने दिलेली मान्यता, जिला आपण सगळे अप्रूव्हल म्हणतो. तिसरी, पदव्युत्तर शिक्षक किंवा पीएच.डी. मार्गदर्शक म्हणून मिळणारी वेगळी मान्यता. पात्रता माणसाची असते, अप्रूव्हल त्या माणसाच्या त्या पदावरच्या नेमणुकीचं असतं आणि तिसरी मान्यता विषयाशी बांधलेली असते. महाविद्यालयांच्या बहुतेक अडचणी, पहिली गोष्ट हातात आहे म्हणजे उरलेल्या दोन मिळाल्याच असं धरून चालल्याने होतात.

पात्रतेचा आधार म्हणजे यूजीसीचे १८ जुलै २०१८ चे विनियम. सहायक प्राध्यापकासाठी संबंधित किंवा संलग्न विषयात ५५ टक्क्यांसह पदव्युत्तर पदवी, आणि जोडीला नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) किंवा सेट. यूजीसीच्या २००९ किंवा २०१६ च्या पीएच.डी. विनियमांप्रमाणे पीएच.डी. झाली असेल तर नेट-सेटची सूट. यूजीसीच्या या अर्हतेत पदवी आणि पदव्युत्तर अध्यापनासाठी दोन वेगळी टेबलं नाहीत. सहायक प्राध्यापक म्हणून जो पात्र, तो मुळात दोन्हीकडे पात्र. विद्यापीठ विभागांत भरतीसाठी पीएच.डी. सक्तीची करायचं २०१८ मध्ये ठरलं होतं. ती तारीख आधी पुढे ढकलली गेली आणि मग १ जुलै २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने सक्तीच काढली. तरीही ‘पीजीला पीएच.डी. लागतेच’ हे वाक्य अजून मुलाखतींत ऐकू येतं. लागत नाही. असली तर छाननीत गुण मिळतात, तो भाग वेगळा.

५५ टक्क्यांच्या अटीत तीन खाचा आहेत. ५४.८ म्हणजे ५५ नव्हे, राउंडिंग चालत नाही. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, नॉन-क्रीमीलेअर ओबीसी आणि दिव्यांग उमेदवारांना ५ टक्क्यांची सवलत आहे, पण ती ग्रेस गुण धरून मोजायची नाही. विनियमात हे स्पष्ट लिहिलंय. आणि आर्थिक दुर्बल घटकाला आरक्षण असलं तरी या सवलतीच्या यादीत त्यांचं नाव नाही. आरक्षण आणि गुणांची सवलत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कार्यालयातल्या छाननी करणाऱ्या माणसाला आधीच समजावून सांगा.

नेटच्या प्रमाणपत्रात जून २०२४ पासून एक नवा सापळा आहे. त्या सत्रापासून निकाल तीन प्रकारांत लागतो: जेआरएफसह (संशोधन शिष्यवृत्तीसह) सहायक प्राध्यापक, सहायक प्राध्यापक आणि पीएच.डी. प्रवेश, आणि फक्त पीएच.डी. प्रवेश. तिसऱ्या प्रकारातला उमेदवार ‘नेट क्वालिफाइड’ असं लिहूनच अर्ज करतो, आणि त्याच्या दृष्टीने ते खोटंही नसतं. पण अध्यापनासाठी तो पात्र नाही. प्रमाणपत्राची पहिली ओळ न वाचता पर्सेंटाइल पाहून पुढे गेलात, तर चूक थेट विद्यापीठात उघडी पडते.

सेटबद्दल तुमच्या पाचव्या उमेदवाराचं उत्तर इथेच मिळतं. १ जून २००२ नंतरच्या सेटची पात्रता ज्या राज्याची परीक्षा, त्या राज्यापुरतीच आहे. महाराष्ट्राची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं आणि ती महाराष्ट्र व गोव्यासाठी चालते. कर्नाटकची सेट खारघरमध्ये राहायला आल्याने इथली होत नाही. त्या गृहस्थांनी नेट किंवा इथली सेट द्यावी. तोवर त्यांना पूर्णवेळ पदावर घेऊ नका, तासिका तत्त्वावरही (तासागणिक मानधनावर) नको, कारण तासिका तत्त्वावरच्या अध्यापकाला अर्हता तीच लागते. ‘तासिकाच तर आहे, चालून जाईल’ हा समज फार खोलवर रुजलाय. कंत्राटी नेमणुकीचंही तसंच: यूजीसीच्या विनियमात अर्हता आणि निवडपद्धत नियमित पदासारखीच आहे, आणि अशा नेमणुका एकूण अध्यापक पदांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नकोत.

प्रबंध सादर केलेल्या बाईंची पात्रता आज शून्य धरा, अर्थात नेट-सेट नसेल तर. सादर केल्याची पावती, आरएसी (संशोधन सल्लागार समिती) पार पडल्याचं पत्र, दोन्ही परीक्षकांचे अनुकूल अहवाल, यांतलं काहीही पदवी नव्हे. विद्यापीठाने पीएच.डी. बहाल झाल्याची अधिसूचना काढली ती तारीख महत्त्वाची, आणि ती जाहिरातीतल्या अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या आधीची हवी. मुलाखतीच्या दिवशी अधिसूचना हातात आली तरी उपयोग नाही. त्यांचा व्हायव्हा जवळ असेल तर एम.कॉम.च्या पदांची जाहिरात थोडी पुढे ढकलणं हा सरळ आणि कायदेशीर मार्ग आहे. अशा चांगल्या उमेदवाराला घाईने ‘प्रतीक्षाधीन’ म्हणून रुजू करून घेतात आणि मग वर्षभर त्यांचं अप्रूव्हल लटकतं. त्या काळाचा अनुभव धरला जात नाही आणि नुकसान त्यांचंच होतं.

जुन्या पीएच.डी.वाल्यांसाठी एक वेगळा कागद लागतो. ११ जुलै २००९ पूर्वी ज्यांची नोंदणी झाली, त्यांना नेटमधून सूट हवी असेल तर पदवी नियमित पद्धतीने मिळाली, किमान दोन बाह्य परीक्षक होते, मौखिक परीक्षा खुली झाली, प्रबंधातून दोन शोधनिबंध प्रसिद्ध झाले (किमान एक तज्ज्ञांकडून लेख तपासून घेणाऱ्या, म्हणजे रेफरीड नियतकालिकात) आणि दोन निबंध परिषदांत सादर झाले, याचं प्रमाणपत्र कुलसचिव किंवा अधिष्ठात्यांच्या सहीचं लागतं. महाविद्यालयाच्या लेटरहेडवर प्राचार्यांनी दिलेलं चालत नाही. एम.फिल.च्या जोरावर आज नवी नेमणूक मिळत नाही, तो विषय तिथेच संपवा.

आता सीए. या एका पात्रतेवर वाणिज्य विभागांत सगळ्यात जास्त वाद होतात, कारण दोन नियामक संस्था तिच्याकडे दोन नजरांनी पाहतात. यूजीसीने २०२१ मध्ये सीए, सीएस (कंपनी सेक्रेटरी) आणि आयसीडब्ल्यूए (कॉस्ट अकाउंटंट) या अर्हता पदव्युत्तर पदवीला समतुल्य मानल्या. त्यामुळे एम.कॉम. नसलेल्या सीएला वाणिज्य विषयात नेट देण्याची वाट मोकळी झाली. पण नेट माफ झालेली नाही. निव्वळ सीए एम.कॉम.च्या पूर्णवेळ पदाला पुरत नाही. ५५ टक्क्यांची अट सीएच्या गुणपत्रिकेवर कशी लावायची, हे विद्यापीठाच्या शिक्षक मान्यता विभागाकडून जाहिरातीपूर्वी लेखी घ्या. तेच सीए सीबीडी बेलापूरच्या एखाद्या एमबीए संस्थेत मात्र पात्र ठरू शकतात. एआयसीटीईच्या (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या) मार्च २०१९ च्या विनियमांत व्यवस्थापनासाठी पदवीनंतर एमबीए, पीजीडीएम, सीए, आयसीडब्ल्यूए किंवा एम.कॉम. प्रथम श्रेणी किंवा समतुल्य, आणि त्यानंतर दोन वर्षांचा व्यावसायिक अनुभव एवढं पुरतं. नेट मागितलेली नाही. म्हणजे सीए साहेब तिकडे शिकवतात म्हणून इकडेही शिकवतील, हा तर्क लागू होत नाही.

हीच गोष्ट आयटीच्या बाजूला उलटी दिसते. एमसीए एआयसीटीईच्या कक्षेत, एम.एस्सी. आयटी यूजीसीच्या. नेरूळ-ऐरोलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात बी.ई., एम.ई. करून, अप्रूव्हल घेऊन दहा वर्षं शिकवणारा माणूस तुमच्या एम.एस्सी.साठी आणाल, तर पहिला प्रश्न येईल, नेट-सेट कुठे आहे? एम.ई. कॉम्प्युटर संलग्न विषय म्हणून मान्य झाली तरी नेट-सेट ‘कॉम्प्युटर सायन्स अँड ॲप्लिकेशन्स’मध्ये किंवा पीएच.डी. लागेलच. त्याचं तिकडचं मान्यतापत्र इथे लागू पडत नाही.

आयटी पार्कातल्या अभियंत्यांकडे फक्त बी.ई. असेल तर नियमित पद बंद. संस्थाचालकांना लगेच आठवतं ते ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’, म्हणजे उद्योग-व्यवसायातल्या अनुभवी माणसाला अध्यापक म्हणून घेण्याची यूजीसीची सोय. सप्टेंबर २०२२ च्या त्या मार्गदर्शक तत्त्वांत पीएच.डी. आणि प्रकाशनांची अट नाही, हे खरं. पण अनुभव किमान १५ वर्षांचा हवा, आणि तोही शक्यतो वरिष्ठ पातळीवर; यांचा आहे १४. शिवाय अशा नेमणुका मंजूर पदांच्या १० टक्क्यांपलीकडे नकोत. तुमच्या विभागांची मंजूर पदं एकूण आठ असतील तर १० टक्के म्हणजे ०.८, म्हणजे एकही नाही. आधीच अध्यापक असलेल्या किंवा अध्यापक म्हणून निवृत्त झालेल्यांना हे पद देताच येत नाही, आणि मुदत सामान्यतः तीन वर्षं, फार तर चार. छोट्या महाविद्यालयासाठी ही वाट जवळपास बंदच आहे. त्या अभियंत्यांचा खरा उपयोग दुसरीकडे आहे: सत्र दोनमधलं विद्यार्थ्यांचं ऑन-जॉब ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण. तिथे उद्योगातला मार्गदर्शक लागतोच. त्यांना तिथे घ्या, वर्षाला चार-सहा पाहुणी व्याख्यानं द्या, आणि विषयाची जबाबदारी मात्र पात्र शिक्षकाच्याच नावावर ठेवा.

राहिल्या बी.कॉम.च्या शिक्षिका. पाचांपैकी त्यांचंच प्रकरण साधं आहे. पात्रता आहे, अप्रूव्हल आहे, पदव्युत्तर अध्यापनाची मान्यता मागायची आहे. विद्यापीठाच्या त्या त्या विद्याशाखेच्या परिपत्रकात पदवी अध्यापनाची वर्षं, पीएच.डी., प्रकाशनं यांचा निकष असतो. चालू वर्षाचं परिपत्रक घ्या, शेजारच्या महाविद्यालयाने तीन वर्षांपूर्वी वापरलेला अर्ज नव्हे. अर्जात विषय स्पष्ट लिहा. ‘कॉमर्स’ एवढंच लिहून मान्यता मिळाली आणि त्यांना ॲडव्हान्स्ड अकाउंटन्सी द्यायची असेल, तर परीक्षक मंडळाच्या यादीत नाव कुठे घालायचं यावरून पुढे घोळ होतो.

प्रकल्पाच्या मार्गदर्शनाबद्दल बरेच जण विनाकारण घाबरतात. पीएच.डी.चा मार्गदर्शक होण्यासाठी नोव्हेंबर २०२२ च्या विनियमांप्रमाणे माणूस पूर्णवेळ नियमित अध्यापक हवा, पीएच.डी. हवी, आणि समकक्ष-परीक्षित (पीअर-रिव्ह्यूड) नियतकालिकांत प्राध्यापक व सहयोगी प्राध्यापकासाठी किमान पाच, सहायक प्राध्यापकासाठी किमान तीन शोधनिबंध हवेत. एका वेळी विद्यार्थी अनुक्रमे आठ, सहा आणि चार. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी राहिली असतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. हे सगळं पीएच.डी.साठी आहे. एम.कॉम.च्या संशोधन प्रकल्पावर पात्र पदव्युत्तर शिक्षक मार्गदर्शन करू शकतो, अभ्यासमंडळाने वेगळं काही घातलं नसेल तर. मात्र चार वर्षांच्या ‘ऑनर्स विथ रिसर्च’ पदवीचं चौथं वर्ष महाविद्यालयात चालवायचं असेल तेव्हा पीएच.डी. मार्गदर्शक म्हणून मान्यता असलेले किमान दोन कायम अध्यापक विभागात लागतात. ठाणे-नवी मुंबईतल्या बऱ्याच विनाअनुदानित महाविद्यालयांकडे असा एकही नाही. पीजी विभागाची भरती करताना हा हिशोब आत्ताच धरला, तर नंतर धावपळ होणार नाही.

किती शिक्षक लागतील, याचा अंदाज डोक्याने नको, क्रेडिटने करा. राज्याच्या २०२३ च्या आराखड्यात दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी ८८ क्रेडिटची, सत्राला २२. थिअरीचं एक क्रेडिट १५ तास, प्रात्यक्षिकाचं ३०. पहिल्या सत्रात २२ क्रेडिट वर्गात शिकवायची (संशोधन पद्धती धरून), तिसऱ्यात १८ आणि ४ प्रकल्पाची. सगळं थिअरी धरलं आणि सत्र १५ आठवड्यांचं असेल, तर एकाच वेळी चालणाऱ्या या दोन सत्रांचे आठवड्याला २२ आणि १८ मिळून ४० तास. सहायक प्राध्यापकाचं प्रत्यक्ष अध्यापन आठवड्याला १६ तास, म्हणजे अडीच माणसं, व्यवहारात तीन. ऐच्छिक विषयाचे दोन पर्याय चालवले तर आठवड्याला आणखी आठ तास. एम.एस्सी. आयटीत २२ पैकी ६ क्रेडिट प्रात्यक्षिकाची असतील तर एका सत्राला एकाच बॅचसाठी थिअरीचे १६ आणि प्रात्यक्षिकाचे १२, म्हणजे २८ तास. दोन बॅच केल्या की ४०. दुसऱ्या-चौथ्या सत्रांत वर्गातले तास घटतात, पण ऑन-जॉब ट्रेनिंग आणि सहा क्रेडिटचा प्रकल्प अंगावर येतो. ६० विद्यार्थी आणि तीन शिक्षक म्हणजे प्रत्येकी वीस प्रकल्प. वीस प्रकल्प नीट वाचणारा शिक्षक दुर्मीळ, आणि मग सगळ्यांची प्रश्नावली एकसारखी का येते हे विचारायला नको.

बी.कॉम.चे तास तसेच ठेवून तिथल्याच दोन शिक्षिकांवर एम.कॉम. लादणं हा सर्रास चालणारा प्रकार आहे. कागदावर ३० तासांचा वर्कलोड दाखवता येत नाही, म्हणून वेळापत्रकात तिसरं नाव घुसवलं जातं. ठाणे-वाशी ट्रान्स हार्बरमुळे सकाळी ठाण्यात आणि दुपारी नेरूळला तास घेणं शक्य आहे, तासिका तत्त्वावर ते गैरही नाही. पण एकच माणूस दोन ठिकाणी पूर्णवेळ दाखवला तर पॅन आणि बँक खात्यावरून ते सहज उघडं पडतं. पगार बँकेतून गेलाय का, हे महाविद्यालय तपासायला आलेल्या विद्यापीठाच्या स्थानिक चौकशी समितीने विचारलं की उत्तर कागदावरच द्यावं लागतं. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मधली शिक्षकाची व्याख्या ‘पूर्णवेळ मान्यताप्राप्त’ अशीच आहे. तासिका तत्त्वावरचे चार जण मिळून एक शिक्षक होत नाही.

निवडीच्या फाइलीत काय बिघडतं, ते आता. सर्वात आधी बिंदुनामावली (कोणतं पद कोणत्या प्रवर्गाला, याचा तक्ता) तपासून घ्यायची, मग जाहिरातीचा मसुदा विद्यापीठाकडून तपासून घ्यायचा, मग जाहिरात. अल्पसंख्याक संस्थेला आरक्षणातून सूट असते, अर्हतेतून नाही. जाहिरातीत पद, विषय, प्रवर्ग आणि पूर्णवेळ की तासिका हे स्पष्ट हवं. छाननीचा तक्ता यूजीसीच्या महाविद्यालयांसाठीच्या गुणपद्धतीने करा: पीएच.डी.ला २५, पदव्युत्तर पदवीला कमाल २५, पदवीला कमाल २१, जेआरएफला १०, नेटला ८, सेटला ५, अनुभवाला कमाल १०, शोधनिबंधांना ६, पुरस्कारांना ३. हे गुण फक्त मुलाखतीला कोणाला बोलवायचं एवढ्यासाठी. निवड मुलाखतीवरच होते. छाननीत पहिला आलेला उमेदवार नाकारला म्हणून तक्रार आली, तर हा फरक तुम्हाला सांगता यायला हवा.

निवड समितीत संस्थेचे अध्यक्ष किंवा त्यांचे प्रतिनिधी, प्राचार्य, विभागप्रमुख, कुलगुरूंचे दोन प्रतिनिधी (त्यांतला एक विषयतज्ज्ञ), बाहेरचे दोन विषयतज्ज्ञ, आणि त्या प्रवर्गाचा उमेदवार असेल तर त्या प्रवर्गाचा शिक्षणतज्ज्ञ. गणपूर्ती पाचांची, आणि त्यांत या तीन विषयतज्ज्ञांपैकी किमान दोन असलेच पाहिजेत. इथेच फाइली परत येतात. पावसाळ्यात मुलाखत ठेवायची, ट्रेन बंद पडते, दोन तज्ज्ञ पोहोचत नाहीत, आणि ‘सही नंतर घेऊ’ म्हणून कामकाज उरकलं जातं. नंतर घेतलेली सही तारखेवरून ओळखू येते. मुलाखत पुढे ढकला, फार तर आठवडा जाईल. नवा विभाग असल्यामुळे विभागप्रमुखच नसेल तर त्या जागी कोण बसणार हे आधी विचारून घ्या, कारण एम.एस्सी. आयटीसाठी वाणिज्याचे विभागप्रमुख बसवलेले अहवाल सही-शिक्क्यांसह परत येतात.

नेमणूक झाली की मान्यतेचा प्रस्ताव लगेच पाठवा. सोबत प्रत्येक वर्षाच्या गुणपत्रिका (फक्त शेवटच्या वर्षाची नव्हे), ग्रेड असतील तर विद्यापीठाचं टक्केवारी रूपांतराचं पत्र, नेट-सेट किंवा पीएच.डी. अधिसूचना, जात वैधता, आधीच्या संस्थेचा कार्यमुक्ती आदेश, नेमणूकपत्र आणि रुजू अहवाल. परदेशी पदवी असेल तर समतुल्यता प्रमाणपत्र. दूरस्थ पद्धतीची एम.कॉम. यूजीसी मान्यतेची असेल तर ती नियमित पदवीच्या बरोबरीचीच आहे, त्यावरून उमेदवार नाकारू नका, दूरस्थ पीएच.डी. मात्र चालत नाही.

कोपरखैरणे, वाशी, नेरूळ ठाणे जिल्ह्यात आणि खारघर, कामोठे, पनवेल रायगडमध्ये येतं, हे विद्यापीठाच्या बृहत आराखड्यात नव्या अभ्यासक्रमासाठी जागा शोधताना लक्षात ठेवा. पत्ता ‘नवी मुंबई’ असला तरी जिल्हा आणि तालुका यांवर रकाना ठरतो. महाविद्यालय स्वायत्त असेल तर अभ्यासक्रम आणि परीक्षा तुमच्या हातात येतात, शिक्षकाची अर्हता येत नाही.

जून तोंडावर आला आणि एका ऐच्छिक विषयाला माणूस मिळाला नाही, तर अपात्र माणसाला उभं करण्यापेक्षा तो पर्याय त्या वर्षी उघडूच नका. विद्यापीठाने स्वीकारलं असेल तर ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन व्यासपीठावरचा समकक्ष अभ्यासक्रम घेता येतो. यूजीसीच्या २०२१ च्या विनियमांत सत्रातल्या अभ्यासक्रमांच्या ४० टक्क्यांपर्यंत तशी मुभा आहे. त्यासाठी नोंदणीची मुदत संपण्याआधी विभागाचा ठराव, विद्यार्थ्यांची यादी आणि एक समन्वयक शिक्षक लागतो. जानेवारी २०२५ मध्ये यूजीसीने अर्हतेच्या नव्या विनियमांचा मसुदा काढला, त्याच्या प्रती अनेक कार्यालयांत फिरत असतात. मसुद्यावरून जाहिरात काढू नका. जाहिरातीच्या तारखेला राजपत्रात जे लागू असेल त्याचा क्रमांक आणि तारीख जाहिरातीच्या तळाशी छापा.